साधं आणि स्पष्ट इंग्रजी कसं लिहायचं? मोबाइलवर घाईत वाचणाऱ्यांसाठी लिहिण्याची संपूर्ण माहिती

कॉलेजला अर्ज, कंपनीला इंटर्नशिपसाठी मेल, बँकेकडे तक्रार, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा रिफंड, फ्रीलान्सिंगमधल्या परदेशी क्लायंटला उत्तर. ही सगळी कामं आता आपण फोनवरून करतो आणि बहुतेक वेळा इंग्रजीत करतो. आपल्या साइटवर येणारे मेल वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. लिहिणाऱ्याचं इंग्रजी चांगलं असतं, व्याकरणही ठीक असतं, पण त्याला नेमकं काय हवंय ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. कधी कधी तिथेही कळत नाही.

या लेखात आपण साधं इंग्रजी म्हणजे काय, ते कुठून आलं, मराठीतून विचार करणाऱ्यांना कुठे अडचण येते आणि फोनवरची कोणती साधनं उपयोगी पडतात ते बघू. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

## साधं इंग्रजी म्हणजे नेमकं काय?

साधं इंग्रजी ज्याला म्हणतात, त्याचं इंग्रजी नाव प्लेन इंग्लिश. अनेकांना वाटतं की हे लहान मुलांचं किंवा कच्चं इंग्रजी असेल. तसं नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये साध्या भाषेसाठी २४४९५-१ या क्रमांकाचं मानक काढलं. त्याचा गाभा असा: वाचणाऱ्याला हवी ती माहिती सहज सापडली पाहिजे, सापडलेली समजली पाहिजे आणि समजलेली वापरता आली पाहिजे.

म्हणजे कसोटी लिहिणाऱ्याच्या शब्दसंग्रहाची नाही. वाचणाऱ्याने मेल बंद केल्यावर काय करायचं हे त्याला कळलं का, एवढंच बघायचं. तुमचा मेल वाचून बँकेतल्या माणसाने रिफंडचं काम पुढे सरकवलं, तर ते चांगलं इंग्रजी. मेल वाचून त्याने 'प्लीज शेअर मोअर डिटेल्स' असं उत्तर पाठवलं, तर तुमचे दोन-तीन दिवस गेले.

## ही कल्पना आली कुठून?

गंमत म्हणजे साध्या इंग्रजीची चळवळ ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनीच सुरू केली. कारण त्यांनाही सरकारी आणि बँकांची इंग्रजी समजत नव्हती.

- १९४८: ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट गॉवर्स यांचं 'प्लेन वर्ड्स' हे छोटं पुस्तक आलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी लोकांना कळेल असं लिहावं, यासाठी ते लिहिलं होतं.
- १९७९: क्रिसी मेहर यांनी लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये न समजणारे सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडून 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' सुरू केलं.
- १९९८: अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसीने कंपन्यांसाठी साध्या इंग्रजीची पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना वॉरन बफे यांची आहे. ते सांगतात की अहवाल लिहिताना मी माझ्या बहिणींशी बोलतोय असं समजतो. त्या हुशार आहेत, पण हिशेबाच्या तज्ज्ञ नाहीत.
- २०१०: अमेरिकेत 'प्लेन रायटिंग ॲक्ट' झाला. केंद्र सरकारच्या खात्यांनी लोकांसाठीचं लिखाण स्पष्ट भाषेत करावं, असं हा कायदा सांगतो.
- २०१२: ब्रिटन सरकारची 'गव्ह डॉट यूके' ही एकत्रित वेबसाइट सुरू झाली. वाक्य साधारण २५ शब्दांच्या आत ठेवा, 'युटिलाइझ' ऐवजी 'यूज' लिहा, असे तिचे लिहिण्याचे नियम आहेत.

आपल्याकडेही हे येतंय. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना मुख्य अटींचं एक सोपं पत्रक, म्हणजे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', द्यावं लागतं. ते कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावं, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे.

तेव्हा तुम्ही साधं लिहिलंत तर कोणी तुमच्या इंग्रजीला हसणार नाही. अर्थव्यवहारातले बडे लोक त्याच दिशेने चालले आहेत.

## घाईतला माणूस मोबाइलवर कसा वाचतो?

१९९७ मध्ये वेब वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी लोक वेबवर कसं वाचतात ते मांडलं. त्यांच्या चाचणीत ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं चाळत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे होते फक्त १६ टक्के. तेव्हा तर मोठा मॉनिटर होता. आता हातभर अंतरावर छोटी स्क्रीन आहे, वर दहा नोटिफिकेशन आहेत आणि वाचणारा लोकलमध्ये उभा आहे.

तुमचा मेल आला की त्याला आधी तीनच गोष्टी दिसतात: तुमचं नाव, सब्जेक्ट आणि पहिल्या ओळीतले काही शब्द. पहिली ओळ 'आय होप धिस मेल फाइंड्स यू वेल' अशी असेल, तर ती जागा वाया गेली. तिथे तुमचं काम दिसायला हवं होतं.

एसएमएसचं तर गणितच ठरलेलं आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिलं की तीच मर्यादा ७० वर येते, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला जास्त जागा लागते. मेलला अशी मर्यादा नाही, पण वाचणाऱ्याच्या लक्षाला आहे.

## मराठीतून विचार करताना होणारे घोळ

हा भाग इंग्रजीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून जरा नीट वाचा. आपली मराठी चुकीची नाही. फक्त तिची सवय इंग्रजीत जशीच्या तशी चालत नाही.

१. मुद्दा शेवटी येतो. मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे आधी कारणं आणि मग मागणी हे आपल्याला स्वाभाविक वाटतं. 'आजोबांची तब्येत बरी नसल्यामुळे आणि गावाला जाणं भाग असल्यामुळे मला सोमवारपासून तीन दिवस सुट्टी हवी आहे.' हे मराठी म्हणून छान आहे. पण हेच इंग्रजीत उतरवलं की होतं: 'ॲज माय ग्रँडफादर इज नॉट वेल अँड ॲज इट इज नेसेसरी टू गो टू माय नेटिव्ह प्लेस...' नोटिफिकेशनमध्ये एवढंच दिसतं. सुट्टी हा शब्द कुठेच नाही.

उलटं करा: 'आय नीड लीव्ह फ्रॉम मंडे, १० मार्च टू वेन्सडे, १२ मार्च. माय ग्रँडफादर इज इल अँड आय हॅव टू गो होम.' मागणी आधी, कारण नंतर.

२. कर्ता गायब होतो. 'काल पाठवली होती' म्हटलं तरी आपल्याला संदर्भाने कळतं. 'काल गेली होती' म्हटलं की ती गेली हे क्रियापदच सांगतं. इंग्रजी क्रियापदात हे काही नसतं. 'सेंट यस्टरडे' वाचून कोणी पाठवलं, काय पाठवलं, कोणाला पाठवलं, यातलं काहीच कळत नाही. 'आय सेंट द सायन्ड फॉर्म टू द ऑफिस यस्टरडे' असं पूर्ण लिहा.

३. 'पर्यंत' आणि 'परवा'. 'शुक्रवारपर्यंत द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' या दोन्हींत मराठीत एकच 'पर्यंत' आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. उशिरात उशिरा शुक्रवारी द्या, हे सांगायचं तर 'बाय फ्रायडे'. शुक्रवार येईतो सतत चालू, हे सांगायचं तर 'टिल फ्रायडे'. 'सबमिट इट टिल फ्रायडे' लिहिलं की परदेशी माणूस गोंधळतो. तसंच आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून सरळ तारीख लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

४. अर्जाची भाषा. शाळेत आपण 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की' असं शिकलो. ऑफिसच्या नोटिशीत 'कळविण्यात येते की' असतं. त्यांचे इंग्रजी भाऊ म्हणजे 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट' आणि 'इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट'. या ओळी काढून टाकल्या तर मजकुरातून काहीही कमी होत नाही. म्हणजे त्या नकोत.

## स्पष्ट लिहिण्याचे सात नियम

१. पहिल्या वाक्यात मागणी ठेवा. लिहिण्याआधी स्वतःला मराठीतच विचारा: 'याने वाचून काय करावं असं मला वाटतं?' त्याचं जे उत्तर येईल ते पहिलं वाक्य.

२. सब्जेक्टमध्ये काम, आकडा आणि तारीख टाका. 'अर्जंट', 'क्वेरी', 'रिक्वेस्ट', 'हेल्प नीडेड' यातून काही कळत नाही. 'करेक्शन इन मार्कशीट, सीट नंबर ४५२१' यातून सगळं कळतं. महिन्याभराने मेल शोधायचा झाला तर तोही लगेच सापडतो.

३. एका वाक्यात एकच गोष्ट. वाक्यात 'अँड', 'व्हिच' आणि 'बट' तिन्ही आले की पूर्णविराम टाकायची जागा शोधा. १५ ते २० शब्दांचं वाक्य फोनवर आरामात वाचलं जातं.

४. छोटा शब्द असेल तर तोच वापरा. नेहमी लागणाऱ्या काही जोड्या:

- युटिलाइझ → यूज
- कमेन्स → स्टार्ट
- परचेस → बाय
- असिस्टन्स → हेल्प
- प्रायर टू → बिफोर
- रिगार्डिंग → अबाउट
- इन ऑर्डर टू → टू
- इन द इव्हेंट दॅट → इफ
- ड्यू टू द फॅक्ट दॅट → बिकॉज

पण कामाचे ठरलेले शब्द बदलू नका. 'केवायसी', 'रिफंड', 'इन्व्हॉइस', 'बोनाफाइड सर्टिफिकेट' हे समोरच्याच्या सिस्टिममध्ये त्याच नावाने असतात. तिथे सोपा पर्याय शोधलात तर उलट गोंधळ होईल.

५. कोण काय करणार ते लिहा. 'द फाइल विल बी शेअर्ड' म्हणजे कोण पाठवणार? 'आय विल सेंड द फाइल बाय ५ पीएम टुडे' यात माणूसही आहे आणि वेळही.

६. तारीख आणि रक्कम अशी लिहा की दुसरा अर्थ निघणार नाही. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. परदेशी क्लायंटला वेळ सांगताना ती भारतीय वेळ आहे हेही लिहा. 'लाख' आणि 'कोटी' भारतीय उपखंडाबाहेरच्या अनेकांना माहीत नसतात. तिथे १ लाखाऐवजी 'हंड्रेड थाउजंड' आणि १ कोटीऐवजी 'टेन मिलियन' लिहावं लागतं.

७. एक मेल, एक काम. हॉस्टेलची फी आणि मार्कशीटमधली दुरुस्ती एकाच मेलमध्ये टाकली, तर एक काम होतं आणि दुसरं विसरलं जातं. कारण दोन्ही कामं बघणारी माणसं वेगळी असतात.

## भारतीय इंग्रजी चालेल का?

हा प्रश्न मला खूप जण विचारतात. माझं मत असं की भारतीय इंग्रजी म्हणजे चुकीचं इंग्रजी नाही. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो आणि मोठ्या इंग्रजी शब्दकोशांतही त्याची नोंद आहे. नाशिकहून पुण्याला मेल जात असेल तर खुशाल वापरा.

वाचणारा भारताबाहेरचा असेल तर मात्र काही शब्द जपून वापरा:

- 'आय हॅव अ डाउट': आपल्याला 'शंका आहे' म्हणायचं असतं. तिकडे त्याचा अर्थ 'मला विश्वास वाटत नाही' असा होऊ शकतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा.
- 'काइंडली रिव्हर्ट': इतर ठिकाणी 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. सॉफ्टवेअरवाल्याला लिहिलंत तर तो केलेला बदल मागे घेईल! 'प्लीज रिप्लाय' लिहा.
- 'डू द नीडफुल': नेमकं काय 'नीडफुल' आहे तेच लिहा.
- 'आउट ऑफ स्टेशन': 'आउट ऑफ टाउन' किंवा 'ट्रॅव्हलिंग' लिहा.
- 'आय पास्ड आउट इन २०२३': तिकडे याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२३' लिहा.

## पूर्ण उदाहरण: अडकलेले यूपीआयचे पैसे

दुकानात यूपीआयने पैसे दिले, खात्यातून गेले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत. अशा वेळी साधारण असा मेल लिहिला जातो:

> सब्जेक्ट: कम्प्लेंट
>
> रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम अ कस्टमर ऑफ युवर एस्टीम्ड बँक सिन्स मेनी इयर्स. रीसेंटली वन ट्रान्झॅक्शन वॉज डन बाय मी व्हिच वॉज नॉट सक्सेसफुल बट अमाउंट इज डिडक्टेड. आय हॅव ऑलरेडी कॉल्ड कस्टमर केअर बट नो प्रॉपर रिस्पॉन्स वॉज गिव्हन. काइंडली लुक इंटू द मॅटर अँड डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.

एवढ्या मजकुरात रक्कम नाही, तारीख नाही, रेफरन्स नंबर नाही. 'नीडफुल' म्हणजे रिफंड की नुसती माहिती, तेही नाही. आता हाच मेल पुन्हा लिहू:

> सब्जेक्ट: रिफंड ऑफ रु. १,८५० फॉर फेल्ड यूपीआय पेमेंट, ४ जुलै
>
> डिअर सर ऑर मॅडम,
>
> प्लीज रिफंड रु. १,८५० टू माय अकाउंट. माय यूपीआय पेमेंट टू अ शॉप फेल्ड ऑन ४ जुलै ॲट ७:४० पीएम, बट द मनी लेफ्ट माय अकाउंट. द शॉप डिड नॉट गेट इट.
>
> यूपीआय रेफरन्स नंबर: (इथे १२ अंकी क्रमांक)
> अकाउंट नंबर, लास्ट फोर डिजिट्स: (इथे चार अंक)
>
> आय कॉल्ड कस्टमर केअर ऑन ६ जुलै. इट इज नाउ १० जुलै अँड आय हॅव नॉट गॉट द मनी बॅक. अ स्क्रीनशॉट इज अटॅच्ड.
>
> प्लीज टेल मी बाय १४ जुलै व्हेन यू विल रिफंड इट.
>
> थँक यू,
> (नाव आणि मोबाइल नंबर)

दुसऱ्या मेलमध्ये एकही अवघड शब्द नाही. पण बँकेच्या माणसाला काही विचारायची गरजच उरत नाही.

१० जुलै ही तारीख मी उगाच घातलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ४ जुलैचे ५ दिवस ९ तारखेला संपतात. म्हणजे मेलमधल्या दोन तारखाच तुमची बाजू मांडतात. 'रीसेंटली' या शब्दाने हे कधीच होणार नाही.

एक सूचना: अशा मेलमध्ये यूपीआय पिन, ओटीपी किंवा कार्डावरचा पूर्ण नंबर कधीही लिहू नका. बँकेला तक्रारीसाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही.

## चॅटवर लिहिताना

व्हॉट्सॲपवर किंवा ऑफिसच्या चॅटवर अनेक जण 'हाय सर' एवढंच पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. सर मीटिंगमध्ये असतात. तासाभराने ते 'येस' म्हणतात, तेव्हा तुम्ही क्लासमध्ये असता. एका प्रश्नात अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा: 'गुड मॉर्निंग सर. कॅन आय सबमिट द प्रोजेक्ट ऑन मंडे, १४ जुलै? द प्रिंटिंग शॉप इज क्लोज्ड टिल सॅटर्डे.' सरांना वेळ मिळाला की ते एका शब्दात उत्तर देतील.

## थोडक्यात लिहिलं तर उद्धट वाटेल का?

ही भीती खरी आहे. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' यातून आदर दिसतो. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. मग आदर दाखवायला आपण 'रिस्पेक्टेड', 'एस्टीम्ड', 'हम्बली' असे शब्द रचत जातो.

इंग्रजीत आदर दोन-तीन छोट्या गोष्टींतून येतो: समोरच्याचं नाव बरोबर लिहिणं, 'प्लीज' आणि 'थँक यू', आणि हुकमाऐवजी प्रश्न. 'सेंड मी द लेटर' हे खटकतं. 'कुड यू प्लीज सेंड मी द लेटर बाय थर्सडे?' हे नम्रही आहे आणि स्पष्टही. कॉलेजमध्ये किंवा सरकारी ऑफिसात 'रिस्पेक्टेड सर' ची पद्धत असेल तर ती जरूर पाळा. फक्त त्याच्या पुढच्या ओळीत लगेच कामाचं लिहा.

## फोनवरची उपयोगी साधनं

वाचनसुलभतेचा स्कोअर: रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजी मजकूर किती सोपा आहे हे मोजायचं सूत्र मांडलं. वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड, एवढंच ते मोजतं. स्कोअर साधारण ० ते १०० असतो आणि ६० ते ७० म्हणजे साधं इंग्रजी. पुढे १९७५ मध्ये अमेरिकन नौदलासाठी त्यावरून फ्लेश-किंकेड सूत्र तयार झालं. कॉम्प्युटरवरच्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हे स्कोअर बघता येतात. पण एक लक्षात घ्या. 'प्लीज डू इट सून' याला उत्तम स्कोअर मिळेल, तरी काय करायचं ते कोणालाच कळणार नाही. स्कोअर शब्द मोजतो, राहिलेली तारीख त्याला दिसत नाही.

हेमिंग्वे एडिटर: या वेबसाइटवर मजकूर पेस्ट केला की लांब आणि अवघड वाक्यं रंगवून दाखवली जातात. कुठे तोडायचं ते लगेच दिसतं.

फोनकडून वाचून घेणं: अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. आयफोनमध्येही निवडलेला मजकूर बोलून दाखवायची सोय आहे. इयरफोन लावून आपला मेल ऐका. जिथे ऐकताना तुमचं लक्ष उडेल, तिथे वाचणाऱ्याचंही उडेल.

एआय चॅटबॉट: 'बँकेला मेल लिहून दे' म्हटलं की तो गोड, लांबलचक आणि कोणालाही लागू होईल असा मेल देतो. त्याऐवजी तुमचा कच्चा मेल द्या आणि मराठीतच सांगा: 'हा मेल साध्या इंग्रजीत ८० शब्दांत लिही. मागणी पहिल्या वाक्यात ठेव. नवीन माहिती घालू नकोस.' खाते क्रमांकासारखे तपशील तिथे देऊ नका, ते नंतर स्वतः भरा. आणि आलेला प्रत्येक शब्द तपासा, कारण खाली नाव तुमचं असतं.

## पाठवण्याआधी ३० सेकंदांची तपासणी

1. सब्जेक्ट आणि पहिलं वाक्य एवढंच वाचून काम कळतंय का?
2. रक्कम, तारीख, रोल नंबर किंवा रेफरन्स नंबर टाकला आहे का?
3. कोणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचं, हे लिहिलंय का?
4. एखादी ओळ काढली तर काही बिघडतंय का? नसेल तर काढा.
5. अटॅचमेंट खरंच जोडली आहे का?

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं व्याकरण कच्चं आहे. मग?
छोटी वाक्यं हाच उपाय. ८ शब्दांच्या वाक्यात चुकायला जागा कमी असते. 'आय पेड द फी ऑन २ जून. द पोर्टल शोज इट ॲज अनपेड.' एवढं लिहिता आलं तरी निम्मं काम होतं.

परीक्षेत किंवा नोकरीच्या अर्जात मोठे शब्द नसतील तर मार्क कमी मिळतील का?
परीक्षेत ठरलेला नमुना असेल तर तो पाळा. नोकरीच्या अर्जात मात्र 'हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड' सगळेच लिहितात. 'आय बिल्ट अ बस टाइमटेबल ॲप फॉर माय तालुका' असं खरं केलेलं एक काम लिहिलंत, तर तुमचा अर्ज त्या गर्दीतून वेगळा दिसतो.

मराठीतच मेल केला तर चालेल का?
वाचणारा मराठी जाणणारा असेल तर अगदी चालेल, आणि वरचे बहुतेक नियम मराठीलाही लागू होतात. भाषा कोणतीही असो, काम आधी सांगा.

आज तुमच्या सेंट फोल्डरमधला ज्याचं उत्तर अजून आलेलं नाही असा एक मेल उघडा. वरच्या पाच प्रश्नांतून तो तपासा, जे राहिलं असेल ते भरा आणि पुन्हा पाठवा.